चार नंबरवरचं कार्ड

११ मार्च, सोमवार

चार मिनिटं. सर्व्हर सुरू होतो, चार मिनिटं चालतो आणि मरतो. सकाळपासून नऊ वेळा झालं.

हा सर्व्हर आमची कंपनी ज्या प्रयोगशाळेसाठी चालवते, तिथून फोनवर फोन. रक्त तपासणीचे सगळे अहवाल या एका सर्व्हरवर. तिथल्या काउंटरवरची बाई म्हणाली, "पेशंट समोर उभे आहेत हो. काय सांगू त्यांना, कॉम्प्युटर रुसलाय?"

आमचे सीनियर वीसवर्षे हाताची घडी घालून माझ्या मागे उभे. त्यांचं खरं आडनाव दुसरंच आहे, पण दर तिसऱ्या वाक्यात "माझा वीस वर्षांचा अनुभव" येतो, म्हणून ऑफिसने नव्याने बारसं केलं. त्यांनी विचारलं, "शुक्रवारी शेवटचा हात कुणाचा लागला होता?"

माझा. अहवालांच्या साठवणीच्या मशीनला थोडी मेमरी वाढवून दिली होती. ऑफिसप्रमुख मॅडमना विचारून.

"मग झालं तर," वीसवर्षे म्हणाले.

मेमरी वाढवली म्हणून कुणी चार मिनिटांनी मरत नाही.

१२ मार्च

सापडलं! नीट क्रमाने लिहिते.

सर्व्हरच्या पोटात सात आभासी मशीनं आहेत, म्हणजे एकात सात कॉम्प्युटर. त्यातलं एक साठवणीचं. सर्व्हर उठला की चार मिनिटांनी तेही आपोआप उठतं. सकाळी मी पेन ड्राइव्हवरून सर्व्हर उघडला आणि त्या मशीनचं आपोआप उठणं बंद केलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, सर्व्हर जिवंत. म्हणजे साठवणीचं मशीन जागं झालं की सर्व्हरचा जीव जातो.

का? डिस्क ज्यांना जोडतात ती कंट्रोलर कार्डं सर्व्हरमध्ये दोन आहेत, जुळी, एकाच बनावटीची. एकावर सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्क. दुसऱ्यावर अहवाल. हे दुसरं कार्ड साठवणीच्या मशीनला थेट देऊन टाकलेलं, सर्व्हरने त्याला हात लावायचा नाही. सेटिंगमध्ये फक्त एवढंच लिहिलंय: चार नंबरवरचं कार्ड दे.

आज चार नंबरवर सर्व्हरचं स्वतःचं कार्ड बसलंय. अहवालांचं पाचवर. मशीन आज्ञाधारकपणे उठतं, चार नंबर मागतं, आणि सर्व्हर स्वतःच्याच पायाखालची जमीन काढून देतो.

सेटिंगमध्ये चारचं पाच केलं. साडेतीन वाजता अहवाल उघडले. एकही गहाळ नाही, मी तीनदा मोजले. काउंटरवरची बाई म्हणाली, "जिवात जीव आला, पोरी."

पण नंबर सरकले कशाने?

१३ मार्च

सरकले कशाने ते सर्व्हरच्याच नोंदीत आहे. शनिवारी दुपारी वरच्या खाचेत नवं नेटवर्क कार्ड बसलं. वर एक पाहुणा आला, खालच्या सगळ्यांचा नंबर एकाने वाढला. बसवलं वीसवर्ष्यांनी. सर्व्हर सुरू केला, दिवे लागलेले पाहिले आणि घरी गेले. चार मिनिटं थांबले असते तर!

हे सांगायला मी गेले तर त्यांनी कागदच पुढे केला. प्रयोगशाळेला द्यायचा खुलासा. "प्रशिक्षणार्थीने परवानगीशिवाय केलेल्या बदलामुळे." खाली माझ्या सहीची जागा, पेन्सिलने फुली मारून.

"सर, हे खरं नाही."

"अगं, खरं-खोटं कोण बघतंय? नव्या मुलीकडून चूक झाली म्हटलं की लोक समजून घेतात. माझ्याकडून झाली म्हटलं तर कंत्राट जाईल. एकतीस तारखेला तुला कायम करायचंय ना? मग?"

मी म्हणाले, वाचून सही करते. तो कागद मी चार वेळा वाचला. मग सहीविना परत दिला.



१४ मार्च

आईला सांगून चूक केली. इस्त्रीवरून मान वर न करता म्हणाली, "कर सही आणि मोकळी हो. एक ओरडा खाल्ल्याने कुणाच्या अंगाला भोकं पडत नाहीत."

"खोट्याखाली सही करू?"

"घरातली पहिली पगारदार तू. तुझ्या बाबांनी आयुष्यभर अंगठे उठवले, विचारलं का कधी वर काय लिहिलंय?"

"म्हणून तर!" माझा आवाज चढला.

बाबा कोपऱ्यातून म्हणाले, "विचारायचो गं. सांगणारा सांगेल ते खरं."

आईने शर्टाची घडी घातली. लॉण्ड्रीतून घरी आणते ते कपडे. प्रत्येकाच्या कॉलरमागे रंगीत दोऱ्याचा टाका. मी विचारलं, लॉण्ड्रीत खुंट्यांना नंबर आहेत, मग टाके कशाला? "खुंटीवर विसंबून राहिले तर कुणाचा शर्ट कुणाच्या अंगात जाईल. खूण कपड्यालाच हवी." वर म्हणाली, "विषय बदलू नकोस."

विषय बदलला नव्हता.

१५ मार्च

कार्डाला त्याचा स्वतःचा अनुक्रमांक असतो. खाच बदला, नंबर सरकवा, तो बदलत नाही. साठवणीचं मशीन उठण्याआधी तोच तपासायचा, जुळला नाही तर मशीनने उठायचंच नाही. दहा ओळींची तपासणी लिहिली. लॉण्ड्रीत दोऱ्याने होतं, इथे दहा ओळी लागल्या.

१६ मार्च, शनिवार

प्रयोगशाळेला अर्धी सुट्टी. मी मॅडमना खुलाशाच्या कागदाचं सांगितलं आणि म्हणाले, दुपारी दोन तास द्या. वीसवर्षेही आले. "चला, बाई वर्ग घेणार आहेत."

घेतला. चाचणीच्या सर्व्हरवर जुन्यासारखीच जुळणी केली होती. नेटवर्क कार्ड काढलं, चालला. बसवलं, चार मिनिटांनी मेला. काढलं, चालला. पुन्हा बसवायला मी स्क्रू ड्रायव्हर वीसवर्ष्यांच्या हातात दिला. त्यांनी घेतला नाही.

मग कार्ड मीच बसवलं आणि माझी तपासणी लावून दाखवली. मशीन उठायला नाही म्हणालं, सर्व्हर जिवंत राहिला. मॅडम पडद्यावरून वळल्या. "तो कागद फाडा. नवा खुलासा हिला लिहू दे. आणि एकतीसची वाट कशाला बघायची, सोमवारी हिचं पत्र काढते."

जाताना वीसवर्षे म्हणाले, "जपून हो. फार ताठ झाड आधी मोडतं."

मोडू दे.

१७ मार्च

खुलासा लिहायला बसले. एक मुद्दा राहिला होता. वीसवर्ष्यांच्या दोन वर्षांपूर्वीच्या टिपणात स्पष्ट आहे: साठवणीचं मशीन आपोआप उठू द्यायचं नाही, नंबर डोळ्यांनी पाहून हाताने सुरू करायचं. म्हणजे स्वतःचाच नियम त्यांनी मोडला. हेही घालायचं ठरवलं, तारखेसकट. तारखेसाठी जुन्या नोंदी उघडल्या.

२९ नोव्हेंबर. आपोआप उठणं: चालू. बदल करणाऱ्याचं नाव माझं.

रुजू होऊन चौथा दिवस. बटण बंद दिसलं, विसरलं असेल कुणी, म्हणून चालू केलं होतं. टिपण तेव्हा वाचलंच नव्हतं. ते बंदच राहिलं असतं, तर शनिवारच्या कार्डाने सर्व्हर मेला नसता.

१८ मार्च

मॅडम पत्र घेऊन आल्या. मी म्हणाले, आधी खुलासा वाचा, मग द्या. त्यात दोन नावं आहेत, वीसवर्ष्यांचं आणि माझं. खाली सही माझी.