सासूबाईंच्या खांद्यावरचा पॅच

ती. वन्सं यांना सादर नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? इकडे सारे खुशाल. मी तर इतकी खुशाल आहे, की लिहिता लिहिता पेनाचं टोपण चहात पडलं.

भांडण मिटवायला येऊ का, असं तुम्ही विचारलंत. मामंजींनी न विचारता शिलाई मशीन भंगारात दिल्यापासून सासूबाईंचा अबोला आहे, हे खरं. ते हॉलमध्ये झोपतात, त्या आतल्या खोलीत, आणि "तुझ्या सासूला सांग, चहा गार झालाय" असले निरोप चार पावलांवर मी पोचवते. (पोस्टखात्यानं मला पगार द्यावा.)

आता आमच्या लॅबचं ऐका. मामंजींच्या छातीत कळ येते म्हणून दिलेला, अंगाला चिकटवायचा नायट्रेट औषधाचा पॅच रक्तवाहिन्या सैल करतो. पण त्यानं रक्तातल्या प्लेटलेट्सचं एकमेकींना चिकटणंही कमी होतं का, हे आम्ही तपासतोय. (जखम झाली की या धावत येऊन घोळका करतात. गुणाच्या आहेत, पण नको तिथे जमल्या की गुठळी.) मामंजी धरून काही पेशंटांचं पॅचच्या आधीचं रक्त आणि नंतरचं, दोन्ही यंत्रात घालून बघायचं. वन्सं, काय सांगू! पॅचनंतर एकेकाच्या प्लेटलेट्स शहाण्यासारख्या सुट्या सुट्या! मी चक्क टाळ्या वाजवल्या. फक्त मामंजींच्या तेवढ्या, मेल्या, पहिल्यासारख्याच बिलगलेल्या. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, तुझाच हात चुकला, यंत्र दुसऱ्या कुणाला देते. माझं तर अवसानच गळालं. (रक्त मी घरीच घेतलं होतं, पण सासऱ्यांना सदरा काढून पॅच दाखवा म्हणायची माझी काय छाती!)

घरी आले तर सासूबाईंचं डोकं ठणकतंय. (नायट्रेट अंगात नवं असलं की ठणकतंच.) मानेला बाम चोळायला कॉलर मागे ओढली, तर खांद्यावर माझ्या अक्षरात तारीख घातलेला मामंजींचा पॅच! सासूबाईंनी उशीत तोंड खुपसलं. मी तो काढला आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटीच नाचले. माझा हात चुकला नव्हता! आणि अबोला म्हणाल तर तो फक्त दिवसाचा आहे. तेव्हा येण्याची तसदी घेऊ नका.

तुमची भावजय

ता. क. मॅडमनी शुक्रवारी पुन्हा चाचणी करायची एक संधी दिलीय. (पॅच घामानं निघाला, असं मी त्यांना सांगितलंय.) गुरुवारी रात्री तो जागचा हलता कामा नये, आणि हे सुनेनं कुठल्या तोंडानं सांगायचं? तेव्हा मुक्कामाला याच, आणि सासूबाईंच्या खोलीत झोपा.

आणखी ता. क. तुमची झोप गाढ आहे, हे आत्ता आठवलं. त्यापेक्षा आल्याआल्या दोघांचं एक खरंखुरं भांडण लावून द्या.