डेलियाच्या झाडाचं पाणी

सीडर स्लोप, कॅलिफोर्निया
१२ ऑगस्ट

प्रिय लोरेन,

तुझा गुडघा बरा आहे हे वाचून जिवात जीव आला. इकडे उन्हाने नको नको केलंय. डोंगरापलीकडे पुन्हा धूर दिसतो. रॉस्को जेवतो, झोपतो, बोलत मात्र नाही.

डेलियाचं सिक्वोयाचं झाड सुकत चाललंय. वणव्यात अंगणातलं मोठं झाड गेलं, तेव्हा आगीच्या धगीने उघडलेल्या बोंडांतलं बी वेचून आमच्या पोरीने लावलेलं रोप. गुडघ्याच्या वर आलं होतं, आता शेंडा तपकिरी पडलाय. मला पहिल्यापासून शेजारच्या ओटिसचा संशय. वणव्याच्या भीतीने विमावाल्यांनी कुंपणालगतची झाडं काढायला सांगितल्यापासून तो त्या रोपाकडे टक लावून बघतो. त्यात रोज सकाळी बुंध्याशी माती नुकतीच भिजलेली, वर साबणासारखा वास. म्हटलं, मेल्याने काहीतरी ओतलंय.

संशय रॉस्कोचाही आला होता. आयुष्यात ताट न उचललेला माणूस हल्ली न सांगता भांडी घासतो! काहीतरी लपवत होता. पोर वणवा विझवणाऱ्या पथकात गेली, तेव्हा "जायचं तर परत येऊ नकोस" असं बोलून ह्या बापानेच त्या रोपाची पाण्याची नळी उपटून फेकली होती. तरी ओटिसचं नाव काढताच ताडकन उठला आणि थेट कुंपणापाशी गेला.

"काय घातलंस रे झाडाला?"

"मी? विष म्हणायचंय का तुला?" ओटिस कुंपण ओलांडून आला आणि मातीत बोट खुपसलं. "अरे, नुसता चिखल आहे! मुळं कुजताहेत बिचाऱ्याची. मी महिनाभर बघतोय, म्हटलं ह्यांना वेड लागलंय का? किती वेळा पाजता ह्याला?"

रॉस्को बुटांकडे बघत म्हणाला, "भांड्यांचं शेवटचं पाणी. पहाटे. फक्त एक बादली."

"मी पण एकच," मी म्हणाले. "संध्याकाळी, तू बातम्या बघत असताना."

ओटिस हसायला लागला. आम्हा दोघांची तोंडं बघून फावडं आणायला गेला.

चर खणून पाणी काढलंय. झाड जगेल की नाही, ओटिसलाही सांगता येत नाही. काल जेवताना रॉस्को एकदम म्हणाला, "लावलं तिने. पुढं काय करायचं ते तिलाच विचार." वर्षभरात पहिल्यांदा तिचं नाव निघालं, तेही 'ती' म्हणून.

आता तुझ्याबद्दलचा संशय. तू एकटी राहतेस, आणि मागच्या पत्रात लिहिलंस, "आम्ही पीच आणले, एका दिवसात संपले." तुला पीच आवडत नाहीत, लोरेन. एका दिवसात टोपली संपवणारी आपल्या घरात एकच होती. मी विचारणार नाही, तूही सांगू नकोस. फक्त हे पत्र वाचून खणात टाकू नकोस. जेवणाच्या टेबलावर, दुसऱ्या ताटाशेजारी उघडं ठेव.

तुझी, आणि त्या ताटावर जी बसेल तिचीही,
नदीन