मान वळायला लागल्याची खबर

हिर्डोशी, रविवार

मेहुणे सोनबाराव, मुक्काम किकवी, यांना हनुमंताचा घरच्या सगळ्यांसकट रामराम.

इकडं सगळं ठीक. म्हैस व्यायली, सोनियाच्या लग्नाची गडबड चालू आहे आणि तुमची ताई ठणठणीत आहे (आवाजावरून तरी). तुमचा गुडघा काय म्हणतो ते कळवा. माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र लिहितो. पत्र वाजत नाही, त्यामुळं ते कापताही येत नाही.

दिवाळीच्या आधी नसरापूरच्या बाजारात तुम्ही मला मागून तीन हाका मारल्या आणि मी वळलो नाही, म्हणून तुम्ही बोलणं टाकलंत. हणमंता चढलाय, असं चारचौघांत म्हणालात हेही कानावर आलं. तर आता मी डॉक्टरी पुरावाच देतो. माझी मान दोन वर्षं धरलेली आहे. फोटो काढून झाला, हाडात काही नाही, स्नायू आखडलेत. तीस वर्षं डोक्यावरून भाताचे भारे वाहिले त्याचं हे फळ. (मोबाईल किती वेळ बघता, असंही डॉक्टरांनी विचारलं होतं. त्या प्रश्नाचा इथं संबंध नाही.) विटेचा शेक झाला, आमच्या भिमाकडून चोळून झालं. भिमा चोळतो तेव्हा मानेचं दुखणं विसरायला होतं, कारण तो त्याहून जास्त दुखवतो.

शेवटी नसरापूरला फिजिओथेरपीच्या अश्विनी मॅडमकडं लेझर सुरू केलं. लेझर म्हटल्यावर मी देवापुढं नारळ ठेवून आणि जमिनीचे कागद कुठं आहेत ते घरात सांगून निघालो. जाऊन बघतो तर पेनाएवढी कांडी आणि तिच्या टोकाला लाल ठिपका. आपण डोळ्याला काळा चष्मा लावून पडायचं आणि मॅडमनी दुखऱ्या जागांवर मिनिट-मिनिटभर ती कांडी धरायची. चटका नाही, कळ नाही. थोडा वेळ वाट बघून मी म्हणालो, "मॅडम, लाईट गेली जनू." त्या म्हणाल्या, "काका, चालूच आहे. यात काही जाणवत नसतं." दोन गाड्या बदलून यावं आणि काहीच जाणवू नये, हे मला पटेना. थोडं वाढवा, जरा भाजलं तरी माझी हरकत नाही, असं सुचवून बघितलं. त्यांनी ते कानाआड केलं आणि वर मानेचे व्यायाम दिले.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. तो काळा चष्मा परत द्यायचा विसरून तसाच स्टँडवर आलो, धड काही दिसेना, आणि भोरची समजून किकवीच्या रिक्षात बसलो. उतरलो आणि चालत चालत तुमच्याच दारापुढं आलो. दार उघडं होतं, आत तुम्ही खोकत होता. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि आल्या पावली परतलो, कारण चष्मा मॅडमना द्यायचा होता.

आता आठ खेपा झाल्या. दुखणं निम्म्यावर आलंय. (पूर्ण जाईलच असं मॅडम म्हणत नाहीत, ते मी म्हणतो.) डावीकडं मान सबंध वळते, उजवीकडं रस्ता ओलांडण्यापुरती. परवा एका फळवाल्यानं मागून हाक मारली तर लगेच वळलो आणि नको असलेली दोन कलिंगडं घेऊन आलो. तेव्हा माझ्यावरचा आळ तुम्ही मागं घ्यावा आणि खोकल्यावर काढा घ्यावा. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
हनुमंत

ता.क. वैशाखातल्या दुसऱ्या रविवारी आमच्या दारात लग्न आहे. पत्रिकेत मामा म्हणून तुमचं नाव न विचारता छापलंय. नवरीच्या पाठीशी मामाच लागतो, तिथं माझा भाऊ उभा करून चालत नाही. सोनिया म्हणते, "मामा न्हाई आला तर मी बोहल्यावर उभीच ऱ्हानार न्हाई." तुमची ताई नुसती कांदा चिरत बसते, आणि भाजीत कांदा नसतो.

ता.क. दुसरा. हा एवढा कागद ताईला दाखवू नका. बाजारात त्या दिवशी मान धरलेली होती हे खरं, पण मान वळत नसली तरी माणूस अख्खा वळू शकतो. तुमच्या वास्तुशांतीला तुम्ही सगळ्या पाव्हण्यांना फेटे बांधलेत आणि मला टॉवेल-टोपी दिलीत, ते मनात होतं. तिन्ही हाका मला ऐकू आल्या होत्या. चुकलो. आणि किकवीच्या रिक्षात बसलो तेव्हा चष्मा खिशात होता.