विगमोरच्या हिरव्या पुस्तकांची विल्हेवाट

मी, पुरुषोत्तम विनायक आठल्ये, वय ७१, रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार बॉथेल, वॉशिंग्टन राज्य, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. वकिलाकडे इंग्रजी प्रत आहे, पण तीत कलम चार नाही. माझा मुलगा ऋषी याला मराठी वाचता येत नाही. म्हणून त्याची शैलजामावशी, माझी मेहुणी, हिने ते त्याला वाचून दाखवावे. मध्ये थांबू नये.

१. घर आणि बँकेतील शिल्लक ऋषीला. छप्पर डाव्या कोपऱ्यात गळते. तीन माणसांना आणून दाखवले, तिघांनी पैसे घेतले, गळती आहे तिथेच आहे.

२. माझा जुना मित्र दिगंबर सोमण याने १९९८ साली माझ्या हिरव्या पुस्तकांतला नेलेला एक दुसरा खंड परत मागू नये. दुसऱ्याच्या हाती गेलेले पुस्तक गेलेच, हे मी त्याच दिवशी ओळखले आणि त्याच्याशी बोलणे टाकले. त्याला एवढेच कळवावे की पुस्तकाला हात लावू नकोस आणि स्वतःची तपासणी करून घे. हे मी चार वर्षांपूर्वीच सांगायला हवे होते.

३. माझा संग्रह. प्रोफेसर विगमोर हा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला इंग्रज रसायनशास्त्रज्ञ. सगळा पगार पुस्तकांत घालवी आणि प्रत्येकाला एकाच झगझगीत हिरव्या कापडाची बांधणी करवून घेई. त्याच्यामागे विखुरलेली दोनशे बारा पुस्तके मी वीस वर्षांत लिलावांतून गोळा केली. समासात त्याने पेन्सिलीने लिहिले आहे, 'आज पुन्हा बोटे बधिर.' मला त्याचे कौतुक वाटले, मी त्यावर लेखही लिहिला. ही सर्व पुस्तके विषारी कचरा म्हणून नष्ट करावीत. एकही वाचवू नये.

४. माझी पत्नी शुभा दर शनिवारी ही पुस्तके ओल्या फडक्याने पुशी. दसऱ्याला ती पाटांवर मांडून हळदकुंकू वाही, एकेक कपाळाला लावी. "सरस्वती आहे हो ती, तिच्यावर धूळ बरी दिसत नाही," म्हणे. मी मात्र पांढरे हातमोजे घालूनच पुस्तक उघडत असे, त्याला माझा घाम लागू नये म्हणून. तिला हातमोजे द्यावेत असे मला सुचले नाही.

तिच्या तळहातांना घट्टे पडले, पाय बधिर झाले, अन्न टिकेना. डॉक्टर मधुमेह म्हणाले. ऋषी तेव्हा डॉक्टरकी शिकत होता. तोही फोनवर म्हणाला, "आई, डोन्ट वरी, डायबेटिसमध्ये होतं असं." फेब्रुवारी २००३ मध्ये ती गेली. "मी मिस केलं, बाबा," म्हणत सप्टेंबरात त्याने शिक्षण सोडले.

मी मे महिन्यातच गॅरेजमध्ये बांधणीचा एक तुकडा आणि तिच्या फणीतले केस तपासले होते. दोन्हींत आर्सेनिक निघाले, म्हणजे आपला सोमल. हीच परीक्षा मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवली. नळ्या धुऊन ठेवल्या आणि गप्प बसलो. पोटचा मुलगा माझ्या डोळ्यांदेखत खचत गेला, तरी तोंड उघडले नाही. त्याने मला बाबा म्हणणे सोडले असते, याची भीती वाटली.

ऋषी, तू चुकला नव्हतास. ती जाण्याआधीच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुटीला, तू तिचे हात हातात घेऊन विचारले होतेस, "आई, हे काय झालंय? टेस्ट करूया ना?" तिच्याऐवजी मी उत्तर दिले, "काही नाही रे, भांडी घासते ना."

५. शुभाची अर्धी रक्षा देवघराखालच्या कलशात आहे. माझी तिच्यात मिसळावी की नाही, हे ऋषीने ठरवावे. शैलजाने आग्रह करू नये.

खालील दोघांसमक्ष सही केली. त्यांनी मजकूर वाचलेला नाही.

पुरुषोत्तम विनायक आठल्ये
साक्षीदार: चारुदत्त मोडक, रेडमंड, पद्मिनी गोखले, बॉथेल
बॉथेल, १४ नोव्हेंबर २००७