उष्टावणाची वाटी

मंगळवार, दिवेलागणी

नात आली माझी, पिंकी, नागपूरहून! तिचे पित्ताचे खडे काढले म्हणून मले सांगतलं होतं. मी मऊ भात-वरण, वर तूप असं ताट वाढलं. चार घासांतच म्हणे, "बस झालं आजी." आमच्याकडं बस म्हटल्यावरच तर खरा आग्रह सुरू होते. मी हात धरून आणखी एक घास भरवला. पोरगी मोरीत धावली, सारं ओकली.

तवा सून, पिंकीची माय, बोलली, "आई, वजनासाठी तिचं पोट कापून लहान केलं. तुमाले सांगतलं असतं तर ऑपरेशनले जाऊच दिलं नसतं."

नसतंच दिलं. पण शेजारच्या पारबतालेही ठाऊक होतं म्हणे, अन् मलेच काऊन नाही? माझ्याच हातानं त्रास झाला ना पोरीले.

मग तिच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली. एवढीशी. तिच्यात पातळ पेज दिली. पिंकी घोट घोट करत सारी प्याली अन् हसली, "आजी, एवढंच पोट आहे आता माझं." जीव हरखला माझा!

सुनेशी मात्र बोलली नाही. वाटी माझ्या उशाशी ठेवून राहिली मी. उद्या ज्याले पिंकीले वाढायचं, त्यानं आधी वाटी मले येऊन मागावी.