अलार्मचं पान

गुरुवार, ९ मार्च

प्रिय धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू नि मी यंत्राच्या तळाशी, कर्नेलमध्ये, म्हणजे सगळं यंत्र चालवणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये काम करणारी माणसं. आपलं एक जुनं रडगाणं आहे: यंत्र चाललं तर कौतुक वरच्यांचं, बंद पडलं तर बोट आपल्याकडे. यावर मी चहाच्या टेबलावर किती भाषणं ठोकली असतील. तू म्हणायचास, "ताई, माईक आणू का?"

अण्णा गेल्यानंतर आत्ता कुठे त्यांची खोली आवरली. पांघरुणं धुऊन ठेवली. त्यांचा रेडिओ तुला हवा असेल तर कळव. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

काल औषधाच्या दुकानासमोर सिस्टर भेटल्या. शेवटच्या दिवसांत अण्णांच्या उशाशी असायच्या, त्याच. त्यांना कामावरून दूर ठेवलंय. अण्णांचं श्वासाचं यंत्र अडकलं तेव्हा अलार्म वाजला नाही, म्हणजे तो त्यांनीच बंद केला असणार, असं रुग्णालयाचं म्हणणं. "ताई, मी बटणाला हातसुद्धा लावला नाही हो," त्या म्हणाल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

कारण ते यंत्र आपल्याच कंपनीचं, आणि तपासायला माझ्याच टेबलावर आलं आहे.

आपला पहिला धडा आठव. मेमरीच्या पानावर, म्हणजे यंत्राच्या आज्ञा जिथे साठवतात त्या तुकड्यावर, एक तर लिहायचं, नाहीतर ते चालवायचं. दोन्ही एकदम कधीच नाही. यंत्र रुग्णाला लावलेलं असेल, थांबवता येत नसेल, तर दुरुस्ती वेगळ्या पानावर लिहायची. मग लिहिण्याचा हक्क काढून घ्यायचा, चालवण्याचा द्यायचा, आणि शेवटी काम तिकडे वळवायचं. अण्णांच्या यंत्रात अलार्मच्या पानाला दोन्ही हक्क दिलेले आहेत. एक प्रोसेसर ते पान चालवत होता, दुसरा त्याच्यावरच नवी दुरुस्ती लिहीत होता. अर्धवट लिहिलेली आज्ञा चालली आणि सगळं जागच्या जागी थिजलं. अलार्मसुद्धा.

दुरुस्ती कुणाची, ते मला शोधावं लागलं नाही. उगाच वाजणाऱ्या अलार्मनं अण्णांची झोप मोडायची. तूच त्यांना म्हणालास, "आज ऑफिसातून त्याला गप्प करतो बघा. घटकाभर पानाचे दोन्ही हक्क उघडे राहिले तर काय आभाळ कोसळतंय?" अण्णा मास्कआडून हसले. मला ती थट्टा वाटली.

तू ते मायेपोटी केलंस. हे मी भर चौकात ओरडून सांगेन. पण तुझ्या मायेनं त्या बाईची चूल पेटत नाही. आपले साहेब म्हणतात, यंत्र कोसळताना मेमरी विस्कटली असेल, हक्क तसे दिसले म्हणून काही सिद्ध होत नाही. आणि माझा शब्द कोण धरणार? मी अण्णांची मुलगी. तू स्वतः सांगितलंस तरच त्या सुटतील. धाकट्या, आयुष्यात पहिल्यांदा बोट आपल्याकडे वळलं नाही, आणि आपण गप्प बसलो. लाज वाटते रे. आणि तुझी आठवण येते, ती वेगळीच.

सोमवारी सकाळी चौकशी आहे. तू ये. सिस्टरांच्या शेजारच्या खुर्चीत बस आणि सगळ्यांसमोर सांग की ते पान तू उघडं ठेवलंस.

त्यानंतर जे होईल त्यात,
तुझ्यासोबत असलेली
ताई