खडूच्या डब्याची खूण

मी, आयुष्मती शुभांगी विनय वाठोरे, वय वर्षे छत्तीस, नोकरी शिक्षिका (मराठी माध्यम), राहणार भीमपूर, जिल्हा आदिलाबाद, आज शनिवार दिनांक ४ ऑक्टोबर २०२५ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दाब नाही, मी कसल्या नशेत नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल तर त्याने माझं शुद्धलेखन तपासावं. शरीर मात्र ठिकाणावर राहिलेलं नाही. जूनमध्ये नागपूरला गळ्याचं ऑपरेशन झालं, त्यात आवाजाची पेटी काढून टाकली, आणि तरीही आजार खाली छातीत उतरला. मागच्या खेपेला डॉक्टरांनी विनयला बाहेर नेऊन काय सांगितलं ते विनयने मला सांगितलेलं नाही. पण त्या दिवशी घरी आल्यावर तो चपला न काढता थेट स्वयंपाकघरात गेला आणि उगाच माठातलं पाणी बघत उभा राहिला. तेरा वर्षं संसार केला आहे, एवढं मला कळतं.

इथल्या ऑफिसांत या कागदाला वीलुनामा म्हणतात. विनय मंडळ ऑफिसात, म्हणजे तहसीलात, कारकून असल्यामुळे त्याने तेलुगू नमुना आणून दिला होता. तो मी बाजूला ठेवला. हा कागद ज्यांना वाचून दाखवायचा आहे त्यांना फक्त मराठी कळते.

माझ्या घरात पाच माणसं. मी, पती विनय, मुली सपना (वय अकरा) व रुपा (वय चार), आणि सासूबाई पंचफुलाबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते. रोज दिवेलागणीला आम्ही पाचही जण बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंसमोर एका सतरंजीवर बसतो, त्रिशरण-पंचशील म्हणतो, आणि आषाढी ते अश्विन पौर्णिमा, वर्षावासाचे तीन महिने, रोज बुद्धचरित्राच्या ग्रंथाची दोन पानं वाचतो. जेवण त्यानंतर. पाहुणा आला तरी त्यानंतर. या कागदात मी जे काही देते आहे, ते ही सतरंजी मोडू नये म्हणून देते आहे. बाकी माझ्याजवळ देण्यासारखं फार नाही.

कलम १. घर. माझ्या नावावरचं हे घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढचा ओटा आणि मागची मोरी, मी सपना व रुपा या दोघींना समाईक देते. रुपा एकवीस वर्षांची होईपर्यंत घर विकू नये, वाटे करू नयेत, मधे भिंत घालू नये. विनय आणि आत्याबाई यांना तहहयात राहण्याचा हक्क आहे. अट एकच. दोघी मुली याच घरात राहतील आणि याच घरात लहानाच्या मोठ्या होतील.

ही अट का घातली तेही लिहिते. मी गेल्यावर सपनाला वसतिगृहाच्या शाळेत आणि रुपाला पैनगंगेपलीकडे माझ्या बहिणीकडे, रंजीताकडे, पाठवायचं असं चाललं आहे. हे सगळं माझ्या खाटेशेजारी बसून ठरतं. माणसाचा आवाज गेला की लोकांना वाटतं त्याचे कानही गेले. वकील म्हणाले, ‘मॅडम, मुली जायदादीत येत नाहीत, त्यांच्याविषयी लिहिता येणार नाही.’ ठीक आहे. मी घराविषयी लिहिते आहे.

रंजीता, तुझ्या मनात वाईट नाही हे मला माहीत आहे. तू रुपाला न्यायला आलीस की चार दिवस राहा, तिला न्हाऊ-माखू घाल, तिच्या उवा काढ, आणि एकटी परत जा.

कलम २. नोकरीपायी सरकारकडून जे येईल ते विनयला. स्कूटीही त्यालाच, पण आधी त्याने ब्रेक नीट करून घ्यावेत. हे मी फेब्रुवारीपासून सांगते आहे. मी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मोठा मंडप घालू नये. पुढे लग्न करावंसं वाटलं तर करावं, माझ्या फोटोकडे बघून विचारत बसू नये. येणाऱ्या बाईला सतरंजीवर जागा द्यावी, कडेला नाही, मधे. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. तरी लिहिलं आहे आणि ते खोडणार नाही.

कलम ३. जुनं भांडण. गावच्या शाळा समितीचे सुधाकरराव दोन वर्षांपूर्वी भर सभेत बोलले होते, “बाई लोकाच्या पोराइले मराठी शिकवते अन् आपली पोरगी विंग्रजी शाळेत घालते.” सभा हसली होती. मी त्या दिवसापासून त्यांच्या शेताच्या बाजूने शाळेत जाणं सोडलं, लांबच्या रस्त्याने जाऊ लागले. ते बोलले ते खरं होतं हे मी आज लेखी कबूल करते. आपल्या शाळेचे वर्ग एकेक करून बंद होताना मी पाहत होते. मला भीती वाटली, आणि मी माझी पोर इंग्रजी-तेलुगूकडे दिली. बोलणं खरं असलं तरी ते भर सभेत बोलले याची माफी मात्र नाही. साक्षीदार म्हणून मी त्यांनाच बोलावलं आहे, म्हणजे सही करण्याआधी हे कलम त्यांना वाचावं लागेल.

कलम ४. माझं लोखंडी कपाट, त्यातली सगळी पुस्तकं आणि पांढऱ्या साड्या सपनाला. तिच्या दोनशे पानी वहीवर कोणी हक्क सांगू नये, ती तिचीच आहे. त्या वहीची हकीकत अशी.

नऊ वर्षं आमच्या घरात ग्रंथ मी वाचत होते. या वर्षी आषाढी पौर्णिमेला सतरंजीवर बसलो तेव्हा माझ्या गळ्याला भोक होतं आणि वाचायला कोणी नव्हतं. विनय वाचतो, पण तहसीलची नोटीस वाचल्यासारखा. रुपा खाली मान घालून झोपून जाते. सपनाने ग्रंथ हातात घेतला आणि तिला दोन ओळीसुद्धा धड वाचता येईनात. मराठीच्या बाईची पोर. मी भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी ऑफिसला जाण्याआधी विनय दोन पानं हळूहळू बोलून दाखवी आणि सपना ती वहीत तेलुगू अक्षरांत लिहून घेई. संध्याकाळी ती वहीतून वाची. अक्षरं तेलुगू, शब्द आपले. एका अक्षराची चूक नाही. मी टाळ्या वाजवल्या, दुसरं काय करणार होते? आता वहीची शेवटची पानं पाहिली तर तेलुगूच्या मधे मधे मराठी अक्षरं येऊ लागली आहेत. तिला कोणी शिकवली नाहीत.

कलम ५. हे आणि पुढचं कलम आत्याबाईंना मोठ्याने वाचून दाखवावं. सपनाने वाचावं.

आत्याबाई, १ जूनला रविवारी माझ्या उशीच्या अभ्र्यात लाल दोरा सापडला. तुम्ही गावदेवी पोचम्माच्या ओट्यावर जाऊन नवस बोलून आला होता. आपल्या घरात नवस नाही, गंडे-दोरे नाहीत. ही शिस्त आधी तुमचीच. लोकांच्या शेतात कापूस वेचताना पंचशील तोंडपाठ केलं तुम्ही, आणि विनयला शिकवलं. बुधवारी गळ्याच्या तपासणीचा कागद आला, वाईट आला, आणि मी तो दोरा तुमच्यासमोर चुलीत टाकला. तुम्ही म्हणालात, “म्या मानलं नाई वं माय, नुसतं इचारून पाह्यलं.” मी म्हणाले, “पोराले शिकवलं, तुमी मात्र अडाणीच राह्यल्या.” तुम्ही भाकरी थापत राहिलात.

ऑपरेशनला जाईपर्यंत अठरा दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. बोलता येत होतं तेव्हा.

आता जे कोणाला माहीत नाही ते लिहिते. रविवारी दोरा सापडला आणि बुधवारी मी तो जाळला. मधले तीन दिवस तो मी परत अभ्र्यात ठेवला होता, जिथे तुम्ही ठेवला होतात तिथेच. त्यावर डोकं ठेवून मी झोपत होते आणि मनात म्हणत होते, बरं होऊ दे, या वेळी बरं होऊ दे. माझा राग धम्मासाठी नव्हता. तुम्ही विचारलं ते मीही विचारलं होतं, आणि उत्तर आलं नाही, म्हणून मी तुमच्यावर ओरडले. चूक माझी. मोठी चूक.

हे मी तुम्हाला आधी का सांगितलं नाही? मला बोलता येत नाही, तुम्हाला वाचता येत नाही. मी पाटीवर लिहिते ते विनय तुम्हाला वाचून दाखवतो, पण ते पाणी द्या, गोळी झाली, रुपाला खोकला आहे, एवढंच. त्याला दोऱ्याचं माहीत नाही; आईने नवस केला हे मुलाच्या तोंडून आईला कसं ऐकवू? पोळ्याच्या दिवशी मी तुमचा हात धरला होता. खूप वेळ धरला. तुम्हाला वाटलं मला मोरीत जायचं आहे. तुम्ही मला उचलून मोरीत नेलंत.

माझ्या चांदीच्या पाटल्या तुम्हाला. मोडू नका, घाला.

कलम ६. ग्रंथ दोघी मुलींना समाईक. त्यातली खूण, म्हणजे खडूच्या डब्याच्या पुठ्ठ्याची पट्टी, मी आत्याबाईंना पूर्ण मालकीने देते.

खुणेची गोष्ट सर्वांना माहीत आहे आणि प्रत्येकाला वाटतं ती आपल्या एकट्यालाच माहीत आहे. दसऱ्याच्या आठ दिवस आधीच ग्रंथ जवळजवळ संपला होता. भगवंतांच्या शेवटच्या प्रवासाचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. आणि मग पानं पुढे जाईनात. आदल्या दिवशीचंच वाचन दुसऱ्या दिवशी, त्याच्या मागचं तिसऱ्या दिवशी. दुपारी घर निजलेलं असताना आत्याबाई ग्रंथाला नमस्कार करतात, उघडतात, बोटाने पानांची जाडी चाचपतात आणि खूण मागे नेऊन ठेवतात. ग्रंथ संपला नाही तर मीही संपणार नाही, असा त्यांचा हिशेब. मी खाटेवरून अर्ध्या डोळ्याने पाहते. सपनाला कळलं, ती मुकाट्याने वहीचं जुनं पान काढते. विनयलाही कळलं, तो सकाळी काही बोलत नाही. एक प्रकरण आम्ही पाच वेळा ऐकलं. रुपाला ते पाठ झालं आहे.

मी रागावलेली नाही. इतकं प्रेम माझ्यावर कोणी केलं नाही, माझ्या आईनेही नाही. पण आत्याबाई, मला शेवट ऐकायचा आहे. नऊ वर्षं मी तो वाचला, ऐकला कधीच नाही. वाचणाऱ्याचं लक्ष पुढच्या ओळीवर असतं. अश्विन पौर्णिमेला तीन दिवस राहिलेत, वर्षावास संपेल, आणि माझ्या गळ्याखाली आता चार घोट पाणीही जात नाही. आपण पाचही जण सतरंजीवर आहोत तोवर तो संपू द्या. नंतर संपला तर तो चौघांत संपेल, आणि मला त्याची भीती वाटते. मरणाची वाटते त्याहून जास्त वाटते.

खूण तुमची आहे. मागे न्यायची की पुढे, हे तुम्ही ठरवायचं. माझी विनंती आहे, अट नाही.

येणेप्रमाणे मी माझी जायदाद वाटून दिली. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही आणि यानंतर करण्याइतका वेळ दिसत नाही. साक्षीदारांनी पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये.

लिहून देणार: शुभांगी विनय वाठोरे

साक्षीदार:
१. सुधाकरराव देशट्टीवार, शेती, भीमपूर. (पूर्ण वाचलं. कलम ३ पण वाचलं. बाई, चुकलं माझं. शेताकडचा रस्ता तुमचाच आहे.)
२. रेणुकाबाई जाधव, नर्स, भीमपूर. रोज गळ्याची पट्टी बदलते.

स्थळ: भीमपूर. दिनांक ४ ऑक्टोबर २०२५, दुपारी चार.

सह्या झाल्यानंतर जोडलेला मजकूर, माझ्याच हाताने:

साक्षीदार बसलेले असतानाच सपनाने कलम पाच आणि सहा आत्याबाईंना वाचून दाखवलं. थेट या कागदावरून, वहीशिवाय. जोडाक्षरांना अडखळली, पण वाचलं. विनय दाराशी उभा होता, तो बाहेर गेला आणि थोड्या वेळाने परत आला. आत्याबाई मग म्हणाल्या, “मले खरंच वाटलं वं माय, तुले मोरीत जायाचं हाय.” नंतर म्हणाल्या, “मायाबी आंगठा घ्या.”

सुधाकरराव म्हणाले, “तुमची साक्ष चालत नाई, पंचफुलाबाई. तुमाले त्यात भेटून राह्यलं.”

“साक्ष नको. पावती समजा.”

विनयने ऑफिसचं शाईचं पॅड पुढे केलं. त्यांनी वरच्या समासात अंगठा उमटवला. मग हात न पुसताच ग्रंथ ओढला, बोटाने जाडी चाचपली, खूण काढली आणि पुढे, शेवटच्या प्रकरणाच्या पहिल्या पानात घातली. पान त्यांना वाचता येत नाही, पण बरोबर तेच होतं. रोज त्याच्यापासूनच त्या मागे जात होत्या.

आज संध्याकाळी ते वाचायला घेऊ. तीन दिवसांत होईल.

त्या पानाच्या कोपऱ्यात निळ्या अंगठ्याचा ठसा पडला आहे. कोणी पुसू नये. हा ठसा माझ्या जायदादीत धरावा आणि सपना व रुपा यांना समाईक द्यावा. त्याचेही वाटे करू नयेत.

शुभांगी